पोर्टेबल पॉवर स्टेशन इथेच जुळवायचं म्हणतोय. सीमाभागात घेणार कोण?

लेथवाला_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझं शीट मेटल आणि मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. पंपवाल्यांची, हायड्रॉलिक्सवाल्यांची जॉबवर्क करतो. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्स शिकून परत आलाय आणि त्याने पोर्टेबल पॉवर स्टेशनचं मनावर घेतलंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एकाच डब्यात लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर. वर २३० व्होल्टचे दोन-तीन सॉकेट, यूएसबी, १२ व्होल्टची पिन, आणि सोलर पॅनेल जोडायची सोय. हँडल धरून उचलायचा आणि लागेल तिथे न्यायचा.

बॅटरीचे सेल बाहेरूनच येणार. डबा, वायरिंग, जुळणी, चाचणी हे सगळं इथे होऊ शकतं, त्याची मला खात्री आहे. बेळगावात फाउंड्रीपासून पावडर कोटिंगपर्यंत काय मिळत नाही? अडलंय ते गिऱ्हाइकापाशी. यावरचे लेख वाचले तर सगळीकडे तंबू ठोकणारे अमेरिकन आणि कॅरॅव्हॅनमधून फिरणारे युरोपियन. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, इकडे कारवार-हल्याळ, तिकडे भालकी-बिदर, इथे कोण घेईल? केवढा घेईल? पैसे घालायच्या आधी तुमच्याकडून ऐकायचंय.

शहापूरकर
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. घरोघरी इन्व्हर्टर आहे. १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर (शिसाची, ॲसिडवाली) बॅटरी, दोन पंखे, चार दिवे, टीव्ही. लाईट गेली काय आणि आली काय, कळतसुद्धा नाही. त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन डबा कोण घेणार?

कणकुंबीकर
शहापूरला कळत नसेल, आमच्याकडे कळतं की ओ. जांबोटीच्या पुढे जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की झाड तारेवर पडलं तर पहिले दोन दिवस लाईनमनला तिथवर पोचताच येत नाही. इन्व्हर्टर दोन-चार तासांच्या खेळाचा. एकदा उतरला की भिंतीला टेकून बसतो, कारण त्याला भरायला लाईटच नाही. बॅटरी उचलून न्यायची म्हणजे पन्नास-साठ किलो, वर ॲसिड. डबा बारा-चौदा किलोत होत असेल तर मोटरसायकलवर बांधून खानापूरला नेऊन भरून आणता येईल.

शहापूरकर
@कणकुंबीकर मुद्दा मान्य. पण तुमच्या गावात किती घरं ते विकत घेऊ शकतील, ते पण सांगा ना.

कणकुंबीकर
विकत घेणारी मोजकी. दुकानदार, एक-दोन होमस्टेवाले, शाळा, देवस्थान. बाकीच्यांना मोबाइल भरायचा असतो आणि रात्री एक दिवा. लेथवाले मामा, आणखी एक ऐका. या डब्याबरोबर सोलर पॅनेल दाखवून विकतात, पण आषाढ-श्रावणात आमच्याकडे ऊन असतंच कुठे? दिवसभर ढग. शंभर वॅटच्या पॅनेलमधून दहा-पंधरा वॅट आले तरी खूप. नेमकं ज्या महिन्यांत डबा लागतो त्याच महिन्यांत पॅनेल उपाशी. घाटमाथ्यावर विकायचं असेल तर गाडीच्या १२ व्होल्टवर झपाट्याने भरणारा चार्जर द्या. चोर्ल्यावरून गोव्याला भाजीच्या गाड्या रोज जातात, एका फेरीत डबा भरून येईल.

सर्किट_मास्तर
वर जे वॅट-वॅट चाललंय त्यात थोडी भर. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो.

डब्यावर मोठ्या अक्षरात '२००० वॅट' छापतात. तो बऱ्याचदा क्षणभराचा झटका असतो, सतत मिळणारी ताकद त्याच्या निम्मी. आणि साठा किती आहे ते वॅट-तासात पाहायचं (एक वॅट एक तास चालला की एक वॅट-तास). १००० वॅट-तास साठा असेल तर इन्व्हर्टरचं नुकसान जाऊन हातात ८५० च्या आसपास येतात. जुन्या ७५ वॅटच्या पंख्याला ते अकरा तास पुरतात, ३० वॅटच्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या) पंख्याला अठ्ठावीस तास. ऊस-मळ्यातली ५ एचपीची मोटर चालेल का? नाही. ती ३.७ किलोवॅटहून जास्तच ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. कडबा कुट्टी, वेल्डिंग, गीझर, यांचं नाव काढायचं नाही.

लेथवाले, तुमच्यासाठी पहिली अट: लिथियम आयर्न फॉस्फेटचेच सेल घ्या. मोबाइल-लॅपटॉपमधल्या रसायनापेक्षा जड पडतात, पण तापल्यावर इतके चटकन पेट घेत नाहीत आणि दोन-तीन हजार वेळा भरून-उतरवून टिकतात. शिसाची बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर काही शे फेऱ्यांत दमते, म्हणून तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते. इन्व्हर्टरच्या किमतीशी तुलना करताना शहापूरकरांनी हे धरलेलं नाही.

निपाणीची_लेक
घरं सोडा, मी एक गिऱ्हाईक सांगते. दूध संस्था.

माझे सासरे आमच्या गावच्या संस्थेचे सेक्रेटरी होते, आता दीर बघतात. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी तेवढाच वेळ संकलन. फॅट मशीन, इलेक्ट्रॉनिक काटा, कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर, दोन ट्यूब. सगळं मिळून दोनशे वॅटसुद्धा होत नाही. पण त्या दोन तासांत लाईट गेली की रांगेत भांडणं. दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो. मशीन बंद म्हणजे मागच्या फॅटवर दर लावायचा. ज्याची म्हैस चांगली त्याचं नुकसान, आणि तो ऐकून घेत नाही. ऐकावं तरी का? गवत, पेंड, रात्रीचं जागणं सगळं त्याच्या पदरचं.

काही संस्थांत इन्व्हर्टर आहेत. पाणी घालायला कोणी लक्ष देत नाही, दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मशीन चुकीचं रीडिंग देतं अशी आमच्याकडे सगळ्यांची तक्रार. तेव्हा शुद्ध साइन वेव्ह (घरच्या लाईनसारखी स्वच्छ वीज देणारा), ५०० वॅट-तासांचा डबा, सकाळी वापरला की दुपारी भरला, संध्याकाळी तयार. बल्क कूलर (दूध थंड करायची मोठी टाकी) त्यावर चालणार नाही हे आधीच सांगून टाका, नाहीतर लोक तोच जोडतील. चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, कुठल्याही गावात जा, एक नाही तर दोन संस्था सापडतील. आणि संस्थेकडे ठराव करून घ्यायला पैसा असतो. हे गिऱ्हाईक उधारी मागत नाही.

सर्किट_मास्तर
@निपाणीची_लेक ताई, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. दोन तासांचं ४०० वॅट-तास, म्हणजे ५०० चा डबा अगदी काठावर जातो. ६०० धरा, मग बॅटरी जुनी झाली तरी चौथ्या-पाचव्या वर्षी संकलन अडणार नाही.

लेथवाला_उद्यमबाग
निपाणीच्या वहिनी, हे डोक्यातच आलं नव्हतं. पुतण्या १५०० चा मोठा डबा काढायच्या गोष्टी करत होता. त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

मंडपवाला_वडगाव
मी मंडप, लाइट, साउंड भाड्याने देतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती चालवायला तुमचा डबा नको, त्याला ट्रॉलीवरचा जनरेटरच लागतो. पण त्याशिवाय जी कामं असतात त्यांचं गणित बघा.

पारायण, काकड आरती, कीर्तन, वास्तुशांत, बारसं, डोहाळजेवण, दहाव्याचं नदीवरचं काम. एक माइक, एक ॲम्प्लिफायर, दोन बॉक्स, चार एलईडी हॅलोजन. ॲम्प्लिफायरवर २५० वॅट लिहिलेलं असलं तरी बोलण्याच्या आवाजात तो त्याच्या चौथ्या हिश्शानेही ओढत नाही. आता एवढ्याशा कामाला पेट्रोलचा जनरेटर नेतो. तो शंभर फुटांवर लांब ठेवायचा, केबल ओढायची, एक पोरगा तिथं राखणीला. महाराज अभंग धरतात आणि मागून फट्फट्. लोक मला बोलतात. आवाज नाही, धूर नाही, असा डबा असेल तर जनरेटरच्या भाड्यात मी तो आनंदाने नेईन, पेट्रोल आणि पोरगा दोन्ही वाचले.

आमच्या धंद्यात एकाने घेतलं आणि चाललं तर दुसरा आपोआप घेतो. सीझनही बघा: तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग यात्रा. सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, गावोगावच्या म्हाई-लक्ष्मीच्या यात्रा. तिथं दुकान मांडणाऱ्या खेळणीवाल्याला, बांगडीवाल्याला रात्री दोन दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग हवं असतं. दहा जणांना मिळून एक डबा भाड्याने.

शहापूरकर
@मंडपवाला_वडगाव आणि भाड्याने नेणारा तो आपटून आणेल, पावसात ठेवेल, त्यावर इस्त्री लावेल. मग?

मंडपवाला_वडगाव
भाड्याचं सामान असंच असतं, म्हणून ते भाड्याने चालेल अशा ताकदीचं बनवायचं. ॲम्प्लिफायरला आम्ही लाकडी पेटी करून घेतो. यांच्याकडे तर पत्र्याचं वर्कशॉप आहे! कोपरे जाड करा, सॉकेटवर झाकण द्या, पंख्याच्या जाळीला धूळ अडवणारा फिल्टर लावा. प्लास्टिकचे गुळगुळीत डबे बाहेरून येतात, ते आमच्या टेम्पोत एक हंगाम टिकणार नाहीत. हीच तुमची जागा आहे, लेथवाले.

टिळकवाडीचे_डॉक्टर
वैद्यकीय वापराबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून आधी लिहितो. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेले रुग्ण आता खेड्यातही आहेत. पाच लिटरचं यंत्र साधारण ३००-३५० वॅट घेतं. म्हणजे हजार वॅट-तासांचा डबा जेमतेम अडीच तास. तेवढ्यात रुग्णाला गाडीत घालून दवाखान्यात आणता येतं, म्हणून त्याची किंमत मोठी आहे. पण 'रात्रभर चालेल' असं कोणी सांगून विकलं तर जीव जाईल. व्हेंटिलेटरच्या रुग्णासाठी तर याच्यावर विसंबूच नका. जाहिरातीत हे आकडे मराठी आणि कन्नड दोन्हींत स्पष्ट छापा. रुग्णाचे नातेवाईक इंग्रजी पुस्तिका वाचत नाहीत, घाबरलेल्या अवस्थेत तर नाहीच.

हल्याळकर
दोन्ही भाषांतला मुद्दा सगळ्यांनाच लागू. आमच्या दुकानात अर्धी गिऱ्हाइकं मराठीतून विचारतात, अर्धी कन्नडमधून, आणि दांडेलीला राफ्टिंगला आलेली इंग्रजीतून. दांडेली-जोयडा भागात होमस्टे आणि जंगल कॅम्प खूप आहेत. तिथे जनरेटरचा आवाज पाहुण्यांना नको असतो. तंबूवाली गिऱ्हाइकं अमेरिकेतच नाहीत, थोडी आपल्याकडेही आहेत.

बॅटरीवाला_निपाणी
वीस-पंचवीस वर्षं बॅटरीचं दुकान आहे. सगळे उत्साहात आहेत म्हणून तीन कडू गोष्टी सांगतो.

पहिली, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या बॅटऱ्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी शिसाच्या बॅटरीला २८ होता आणि लिथियमला १८. म्हणजे लिथियमवाल्याला जी दहा टक्क्यांची सवड होती ती गेली. दुसरी, शिसाची बॅटरी मेली तरी भंगारात चांगले पैसे येतात, गिऱ्हाईक जुनी देऊन नवी नेतं. लिथियम मेलं की कोण घेणार?

तिसरी सगळ्यात मोठी: दुरुस्ती. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाने बाहेरून मागवलेला डबा आणला. चालू होईना. कंपनी म्हणे पाठवून द्या. कुरियरवाला लिथियम बॅटरी म्हटल्यावर हात लावेना, आणि त्याचं बरोबरच होतं, तो धोकादायक माल आहे, त्याला वेगळं पॅकिंग आणि कागद लागतात. डबा अजून त्याच्या माळ्यावर आहे. आमच्या भागात जो बेळगावात बसून दुरुस्त करून देईल तोच टिकेल. स्वस्त देणारे येतील आणि जातील.

सर्किट_मास्तर
@बॅटरीवाला_निपाणी तिसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, आणि तोच लेथवाल्यांचा खरा माल आहे असं मी म्हणेन. डबा स्क्रूने उघडणारा हवा, डिंकाने चिकटवलेला नको. बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट), इन्व्हर्टर, चार्जर वेगवेगळ्या सर्किट कार्डांवर ठेवा, म्हणजे जे जळलं तेवढंच बदलता येईल. निपाणी, गोकाक, खानापूर, प्रत्येक ठिकाणी एका बॅटरीवाल्याला शिकवून ठेवा आणि त्याच्याकडे सुटी कार्डं द्या.

भंगाराबद्दल: बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. तसंच सेल आणि बॅटरी पॅकला आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसलेले स्वस्त सेल कोणी दाखवले तर दारातूनच परत पाठवा. हा खर्च सुरुवातीलाच धरा.

भालकीकर
बिदरकडची शंका. मे महिन्यात आमच्याकडे चाळिशी सहज पार होते, पत्र्याखाली तर विचारूच नका. या बॅटऱ्या उन्हात भरतात का?

सर्किट_मास्तर
बहुतेक सेलना भरताना ४५ अंशांपर्यंतच परवानगी असते. त्यापुढे चांगलं बीएमएस चार्जिंग थांबवतं. पॅनेल उन्हात, डबा सावलीत, मध्ये लांब वायर. ती लांब वायर डब्याबरोबरच द्यायला हवी.

मळ्यातला_गडी
सगळे गावाबद्दल लिहायलेत, मळ्याबद्दल कोण लिहिणार? मी रायबागकडचा. कर्नाटकात निरंतर ज्योती योजनेत गावठाणाची लाईन आणि शेतीची लाईन वेगळी केली. गावाला लाईट राहिली, ते चांगलं झालं. पण आम्ही मळ्यात घर बांधून राहतो, आमची तार शेतीच्या लाईनवर. थ्री फेज ठरलेले तास येते, मग बंद. पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा अंधार. इकडं ऊन भरपूर आहे, कणकुंबीसारखं नाही. पॅनेलसकट ३००-४०० वॅट-तासांचा छोटा डबा परवडणाऱ्या किमतीत दिला तर मळ्या-मळ्यात जाईल. रात्री पाणी पाजायला जाताना खांद्याला अडकवता येईल असा पट्टा पण द्या.

हल्याळकर
विषयांतर होतंय, पण आमच्या शेजाऱ्याने गच्चीवर सोलर बसवलं, सरकारची सबसिडी घेऊन. लाईट गेली की तेही बंद पडतं! असं कसं?

सर्किट_मास्तर
ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं, असेल तर तसंच असतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी मिळते, बहुतेक जण ऑन-ग्रिडच बसवतात. लाईन मेली असताना गच्चीवरून वीज तारेत गेली तर खांबावरचा लाईनमन मरेल, म्हणून तो इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. विषयांतर नाही हे, उलट गिऱ्हाईक आहे. ज्याने सोलरवर पैसे घातले आणि तरी अंधारात बसतो, त्याला डब्याची गरज समजावून सांगावी लागत नाही.

शहापूरकर
आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे घरचा वापर ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त २०० युनिटांच्या आत, असणाऱ्याला बिल शून्य येतं. हजार वॅट-तासांचा डबा भरायला एक युनिट आणि थोडं जास्त लागतं. जनरेटरला पेट्रोल शंभरच्या वर. मंडपवाल्यांचा हिशोब मला पटायला लागलाय. घरोघरी खपेल हे मात्र अजून पटत नाही.

कृष्णाकाठ
२०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना एक गोष्ट आठवत असेल. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, तिन्ही एकाच वेळी चढल्या होत्या. निवारा केंद्रात जेवण होतं, चादरी होत्या, मोबाइल मेलेले. माणूस जिवंत आहे की नाही हे नातेवाइकांना कळवता येत नव्हतं. एका जीपच्या बॅटरीवर रांग लावून फोन भरत होतो. प्रत्येक पूरग्रस्त गावाच्या पंचायतीत असे दोन डबे भरून ठेवलेले असले पाहिजेत. हा धंदा म्हणून करा, पण पंचायतींपर्यंत पोचा. दरवर्षी जूनच्या आधी.

कारवारची_मासोळी
आमच्याकडे किनाऱ्याला २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळात हाच अनुभव. फक्त समुद्रकाठी विकणार असाल तर पत्रा नको, खारा वारा खाऊन टाकतो.

चंदगडी
आम्ही हद्दीच्या पलीकडचे, पण बाजाराला बेळगावलाच येतो. गिऱ्हाईक मोजताना चंदगड, गडहिंग्लज, आजरा विसरू नका. काजूवाले, गुऱ्हाळवाले इकडे बरेच आहेत. काजू फॅक्टरीत छोट्या काट्याला आणि सीलिंग मशीनला उपयोग होईल का?

सर्किट_मास्तर
काट्याला हो. हाताने दाबायच्या सीलिंग मशीनलाही हो. सलग पिशव्या चिकटवणाऱ्या मोठ्या कंटिन्युअस सीलरचा वॅट आधी पाहा, त्यात हीटर असतो.

लेथवाला_उद्यमबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. पुतण्या आणि मी कागद घेऊन बसलो होतो. घरोघरी विकायचं सोडलं, शहापूरकर, तुमचं तिथं बरोबर आहे. दोनच मापं काढतोय. दूध संस्थेसाठी ६०० वॅट-तासांचा, शुद्ध साइन वेव्ह, भिंतीला अडकवता येईल आणि काढून नेताही येईल असा. मंडपवाल्यांसाठी १००० चा, पोलादी कोपऱ्यांचा, झाकणाच्या सॉकेटचा, गाडीवर भरणारा. मळ्यातला छोटा डबा हे दोन चालले की मग. कारवारकरांसाठी ॲल्युमिनियम लागेल, तेही नंतर.

डॉक्टर, दवाखान्याच्या नावाने विकणारच नाही असं ठरवलं. कोणी त्यासाठी मागितला तर तुमचे आकडे छापलेला कागद हातात देऊ आणि सही घेऊ.

बॅटरीवाले अण्णा, निपाणीत दुरुस्तीचं पहिलं ठाणं तुमच्याकडे व्हावं अशी इच्छा आहे. तुमच्या अटी सांगा.

बॅटरीवाला_निपाणी
अटी दोन. माझ्या पोराला तुमच्या वर्कशॉपात बसवून डबा पूर्ण खोलायला आणि जोडायला शिकवा. आणि वॉरंटीतला डबा आला की मी आधी गिऱ्हाइकाला दुसरा चालू डबा देणार, दुरुस्ती मग. संकलन एक वेळ बुडालं तर संस्थेवाला पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. ते बदली डबे तुमच्या खर्चाने माझ्याकडे राहतील.

लेथवाला_उद्यमबाग
दोन्ही मान्य.

निपाणीची_लेक
दिरांना विचारलं. पहिला डबा आमच्या संस्थेत लावा म्हणतात, पण विकत नंतर. आधी एक पावसाळा वापरून बघणार, पटला तर पुढच्या सभेत ठराव. येताना फॅट मशीनची पिन बघून घ्या, आमची १२ व्होल्टवर पण चालते. मग इन्व्हर्टरमधलं नुकसानही वाचेल ना, मास्तर?

सर्किट_मास्तर
वाचेल. १२ व्होल्टचं आउटपुट स्थिर ठेवलेलं असेल तर थेट त्यावर लावा. मशीनच्या मागे किती अँपिअर लिहिलंय ते कळवा, त्याप्रमाणे फ्यूज सांगतो.